कठड्याचा दक्षिण कोपरा

कठड्याचा तुकडा खाली पडला तेव्हा जयंती सबनीस खोलीचं दार आतून लावून मुलाखत देत होती.

लॅपटॉपच्या पडद्यावर तिघे जण होते, तिघे तीन शहरांतले. शाखेतल्या जुन्या माणसांना नव्या पद्धतीकडे कसं वळवाल, असं मधल्याने विचारलं होतं आणि ती उत्तराच्या मध्यावर होती. तेवढ्यात डोक्यावर काहीतरी खरडल्यासारखं झालं. क्षणभर काहीच नाही. मग खालून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ कुणीतरी ओरडलं.

"मॅडम, हा आवाज कसला?" मधल्याने विचारलं.

"बिल्डिंगचं काम चालू आहे, सर," जयंती म्हणाली. "सॉरी. तर मी म्हणत होते..."

आणि ती म्हणत राहिली. खालचा गलका वाढला, जिन्यात पावलं वाजली, कुणीतरी तिच्या दाराची बेल दाबून पुढे गेलं. उरलेले प्रश्न संपेपर्यंत ती खुर्चीतून उठली नाही. शेवटच्या प्रश्नाला तर तिने सगळ्यांत चांगलं उत्तर दिलं.

काम चालू नव्हतं. ते तिनेच थांबवलं होतं.

मुलुंड पूर्वेला, नवघर रस्त्याच्या आतल्या गल्लीत 'मैत्रेय' ही चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत आहे. जयंती चौथ्या मजल्यावर एकटी राहते, विमा कंपनीत नोकरी करते, आणि दुसरं कुणी तयार नसल्यामुळे सोसायटीची सेक्रेटरी आहे. गच्चीचा कठडा खराब झालाय हे तिनेच पहिल्यांदा मीटिंगमध्ये काढलं होतं. वरचं प्लास्टर झिजून गेलं होतं. दक्षिणेकडच्या कोपऱ्यात काँक्रीटच्या पट्टीतल्या सळ्या गंजून बाहेर आल्या होत्या आणि तिथे एक फट होती, जिच्यात पावसाळ्यात शेवाळ धरायचं.

तो कोपरा सगळ्यांत जास्त झिजला होता, कारण तो सगळ्यांत जास्त वापरात होता. शेजारच्या जांभळाच्या फांद्या तिथवर पोचतात, म्हणून कावळे तिथे बसतात. शिवाय दिशा दक्षिण. इमारतीतली सगळी घरं पितृपक्षात आपापल्या तिथीला त्याच कोपऱ्यावर पान ठेवत आणि पानाभोवती पाणी फिरवत. इमारत बांधल्यापासून फिरवलेलं ते पाणी जातं कुठे, याचा विचार कुणी केला नव्हता. ते फटीत जात होतं.

जयंतीने वर्षभर सगळ्यांच्या मागे लागून कामाला मंजुरी घेतली. भांडुपचा लवू परब हा ठेकेदार ठरला. पाऊस ओसरला की गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी परांची बांधायची, असंही ठरलं. आदल्या रविवारी, कामाआधीची शेवटची मीटिंग म्हणून कमिटी खाली पार्किंगमध्ये जमली.

मुलाखतीची तारीख जयंतीला शनिवारी संध्याकाळी कळली होती. दहा-बारा दिवसांनंतरची. तिची आतली खोली नेमकी त्या कोपऱ्याखाली येते. वर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालला तर घरात फोनवरचं बोलणंही ऐकू येणार नाही. ऑफिसातून मुलाखत देता आली असती, पण त्याच जागेसाठी अर्ज केलेला माणूस तिच्या पलीकडच्या टेबलावर बसत असे. आणि वर्षभर सगळ्यांना दटावल्यानंतर 'माझी मुलाखत आहे, काम पुढे ढकलूया' असं म्हणायला तिची जीभ रेटेना.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "पक्ष सुरू होतोय. पक्षात घराला हात लावू नये म्हणतात. घट बसल्यावरच काढूया का काम?"

अध्यक्ष मार्तंड चित्रे पंचाहत्तरीचे. जयंतीच्या प्रत्येक ठरावाला 'पण' लावणारे. त्यांनी खुर्चीतच सरसावून बसत टाळी दिल्यासारखा हात वर केला.

"बघा! मी हेच म्हणणार होतो, पण म्हटलं ही बाई मला जुनाट म्हणेल. अगं, शेवटी वळणावर आलीस हो तू!"

सगळे हसले. विरोध कुणी केला नाही. पक्षाला कोण विरोध करणार?

लवू तेवढा उभाच होता. "ताई, आम्ही पक्षात पण काम करतो. पोट काय पक्ष पाळत नाय."

"तसं नाही हो, सगळ्यांच्या भावना असतात," जयंती म्हणाली.

"बरं. मग निदान तो कोपरा तरी पाडून टाकूया. सैल झालाय तेवढाच. अर्ध्या दिवसाचं काम. छिन्नी-हातोडी पुरे, ब्रेकर पण नको."

अर्ध्या दिवसाचं काम त्या सोमवारीच आटोपलं असतं. मुलाखतीच्या दिवशी गच्चीवर चिटपाखरूही नसतं. पण हे तिला नंतर सुचलं. त्या क्षणी 'पक्ष' म्हटल्यावर पुन्हा 'थोडंसं चालेल' म्हणणं तिला पोरकट वाटलं.

"सगळं एकदमच करू," ती म्हणाली.

मग तिने फलकावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: गच्चीच्या कठड्याला कुणीही टेकू नये. सही, सेक्रेटरी.

*

मुलाखत संपवून ती खाली आली तेव्हा चंद्रप्रकाशला रिक्षात बसवत होते. तळमजल्यावर राहणारा चंद्रप्रकाश शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. सकाळची फेरी करून तो गाडी धूत होता. तुकडा आधी गाडीच्या टपावर आणि तिथून त्याच्या उजव्या खांद्यावर आला. टप खोलगट झाला म्हणून खांद्यावर निभावलं, असं जमलेले लोक म्हणत होते. त्याची बायको श्वेता ओल्या हातांनीच त्याच्याबरोबर बसली. जमिनीवर काँक्रीटचे तुकडे, त्यांत एक गंजकी सळी, आणि थोड्या अंतरावर केळीचं पान. वरणभात, खीर, उडदाचा वडा, सगळं साबणाच्या पाण्यात.

"कुणाचं पान?" जयंतीने विचारलं, पण तिला उत्तर माहीत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या रुक्मिणीकाकींच्या घरातून सकाळपासून वडे तळल्याचा वास येत होता.

रुक्मिणीकाकी गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांचे यजमान परळच्या गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मालवणला परत जायचं सोडून त्यांनी इथे घर घेतलं आणि सहा वर्षांपूर्वी ते गेले. आज त्यांची तिथी. काकींचा तांब्या बाजूला आडवा पडला होता.

"माझ्या हातान झाला गो," त्या म्हणाल्या. "पान ठेवलंय, वायच हात टेकलंय, आणि सगळाच गेला."

त्यांचा मुलगा सुयोग विमानतळावर मालवाहतुकीच्या विभागात कामाला आहे. फोन गेल्यावर तो तासाभरात आला आणि जिन्यातूनच त्याचा आवाज चढला.

"आई, बोर्डावर लिहिलंय ना? टेकू नका म्हणून? वाचता येतं ना तुला? तो चंदूदादा मेला असता तर?"

 सुयोग जयंतीकडे वळला. "सॉरी हां, जयंतीताई. तुम्ही एवढं लिहून ठेवता, आणि आमच्याच घरातनं असं होतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. जयंतीने तोंड उघडलंही. पण तिच्या तोंडून आलं ते असं: "ओरडू नकोस रे त्यांच्यावर." सुयोगला ते मोठेपण वाटलं. त्याने मान खाली घातली.

चंद्रप्रकाशच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. पोलिसांत तक्रार करायची का, असं हॉस्पिटलात कुणीतरी विचारलं तर तो म्हणाला, "कोणावर, काकींवर? काहीतरी काय!" इमारतीत सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मार्तंड चित्र्यांनी ग्रुपवर लिहिलं की सेक्रेटरींनी वेळीच सूचना दिली होती, सभासदांनी ती पाळली असती तर हा प्रसंग टळला असता. ज्येष्ठांनी विशेष काळजी घ्यावी. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. जयंतीने तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

संध्याकाळी तिने गच्चीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

*

दोन दिवसांनी तिच्या साहेबांचा फोन आला. निवड झाली होती. "उत्तरं फार शांतपणे दिलीत म्हणाले, बाहेर एवढी गडबड असून," साहेब म्हणाले. "पेढे कधी?"

"पक्ष संपू दे सर, मग वाटते," जयंती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. पक्ष तिने आयुष्यात कधी पाळला नव्हता. आईच्या तिथीला ती गच्चीवर जात नसे; एका वृद्धाश्रमात जेवण देई आणि विसरून जाई. तो शब्द मात्र आता तिच्या तोंडात चांगला बसला होता. कुणीही त्यापुढे काही विचारत नव्हतं.

त्या दुपारी ती दुसऱ्या मजल्यावर गेली. सुयोग कामावर होता. काकींनी दार उघडलं, पण 'ये' म्हणाल्या नाहीत. नुसत्या आत जाऊन पलंगावर बसल्या. ओट्यावर सकाळचं जेवण तसंच झाकलेलं होतं.

"जेवला नाहीत काकी?"

"चंदूचो हात गळ्यात बांधलेलो बघितलंय खिडकीतून. तेची बायको त्येका भरवता." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आणि हेंच्या तोंडात घास गेलो नाय. पान वर जावचा, ता खाली गेला. सहा वर्सात असा कधी झाला नाय. मी कायतरी वायट केलंय असतलंय."

"तुम्ही काही केलं नाहीत. कठडाच मोडकळीला आला होता."

"मोडकळीक आलो तो सगळ्यांसाठी. हात माझोच होतो."

"काकी, ते काम खरं तर आधीच व्हायला हवं होतं."

"पक्षात कसा करतले?" काकी म्हणाल्या. "तू बरोबर सांगितलंस. तू एवढी शिकलेली, तरी तुका कळला. माका कळूक नाय."

जयंती घरी परत आली. बोलून पाहिलं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण तिला ते पटलं नाही. ती खरं बोलली नव्हती, खऱ्याच्या कडेकडेने फिरून आली होती. रात्री पावसाची एक सर आली आणि मोडक्या कोपऱ्यातून पाणी तिच्या खोलीच्या भिंतीवर ओघळलं. ती उठून बादली लावून परत झोपली. झोप आली नाही.

सकाळी तिने लवूला फोन केला.

"उद्या येता का? तो कोपरा पाडायला."

"उद्या?" लवू हसला. "ताई, उद्या सर्वपित्री अमावास्या. परवा घट बसतात. एवढे दिवस थांबलात, आता एका दिवसान काय होतंय? माझी माणसं उद्या येणार नाहीत."

"तुम्ही एकटे या. अर्ध्या दिवसाचं काम म्हणाला होतात."

 "पक्षाचं काय मग?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं.

"पक्षाचं मी बघते," जयंती म्हणाली.

*

अमावास्येला सकाळी लवू आला. खाली दोरी बांधून गाड्या हलवल्या, कोपऱ्याखाली जाड जाळी ताणली. छिन्नी, हातोडी आणि दोन घमेली घेऊन तो वर चढत असताना मार्तंड चित्र्यांनी तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं.

"हे काय? आज?"

"आजच," मागून येणारी जयंती म्हणाली.

"अगं, सर्वपित्री आहे! आख्खा पक्ष थांबलीस आणि आज, अमावास्येला, घण घालतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"काका, वर या. तुमच्याशी बोलायचंय."

तिने दुसऱ्या मजल्यावरून रुक्मिणीकाकींना आधीच सोबत घेतलं होतं. त्या यायला तयार नव्हत्या. सुयोग ओरडेल म्हणत होत्या. जयंतीने त्यांना फक्त एवढंच विचारलं होतं, की आज राहिलेल्यांचं पान ठेवता येतं ना? मग काकी ओट्याकडे वळल्या. कुणी येऊन विचारेल याची वाट बघत असल्यासारखं, त्यांचं सगळं शिजवून तयार होतं.

गच्चीचं कुलूप काढलं. कोपऱ्याच्या जागी आता खाच होती, दात पडल्यासारखी, आणि तिच्यातून जांभळाची फांदी सरळ दिसत होती. काकी टाकीजवळच थांबल्या. त्यापुढे त्यांचं पाऊल पडेना.

मार्तंडकाका धापा टाकत वर आले. "बोल. काय बोलायचंय?"

जयंतीने तयारी केली होती, पण मुलाखतीसारखी ती उपयोगी पडली नाही.

"मी पक्ष मानत नाही, काका. त्या मीटिंगलाही मानत नव्हते."

"मग म्हणालीस कशाला?"

"माझी मुलाखत होती. प्रमोशनची. वर ठोकाठोक नको होती. मुलाखतीचं सांगितलं असतं तर तुम्ही मला हसला असतात. पक्षाचं सांगितलं की कुणी काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं." तिने एक श्वास घेतला. "आणि हा कोपरा पडला तेव्हा मी घरातच होते. आवाज ऐकला. ओरडणंही ऐकलं. मुलाखत संपेपर्यंत उठले नाही."

लवू घमेलं खाली ठेवायचं विसरून उभा राहिला.

मार्तंडकाका चष्मा काढून पुसू लागले. "हे बघ," ते म्हणाले, "कारण काहीही असो, निर्णय कमिटीचा होता. मी अध्यक्ष. पक्षात काम काढायचं नाही हे योग्यच. तू मनात काय धरून बोललीस त्याला कोण विचारतो? उगाच वर काढू नकोस. बोर्डावर सूचना होती. विषय संपला."

"नाही संपला काका. काकी चार दिवस..."

"जयंती," रुक्मिणीकाकी म्हणाल्या.

त्या टाकीपासून दोन पावलं पुढे आल्या होत्या. हातातलं पान त्यांनी छातीशी धरलं होतं.

"तुका ठाऊक होता? ह्यो पडतलो म्हणान?"

"कधी पडेल ते नाही. पण पडणार, हे माहीत होतं. लवूने सांगितलं होतं."

"आणि माका तू म्हणालंस, तुम्ही कायव केलास नाय. पलंगाजवळ येवन. एवढाच?"

"एवढंच म्हणाले."

"मी रातभर हेंका विचारी होतंय, माझा काय चुकला म्हणान."

 माफ करा हे शब्द जयंतीच्या तोंडाशी होते, पण ते म्हणून तिला मोकळं वाटलं असतं आणि काकींना उत्तर द्यावं लागलं असतं.

"चंदूक सांगितलंस?" काकींनी विचारलं.

"नाही."

"मगे माका कित्याक सांगतंस? माझा हाड मोडूक नाय. आधी खाली जा."

मार्तंडकाका काहीतरी पुटपुटले. काकींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या लवूकडे वळल्या. "आणि तू रे, तुझी ठोकाठोक करतलंस तर कावळो येतलो कसो?"

लवूने घमेलं पालथं करून कठड्यापासून चांगलं लांब, दक्षिणेच्या बाजूला ठेवलं. वरून हाताने सिमेंटची पूड झटकली. "काकी, ह्याच्यार ठेवा पान. कावळो शिवल्याशिवाय मी हातोडी उचलूचंय नाय. माझा वचन."

"आणि नाय शिवलो तर?"

"तर घट बसल्यार येतंय. मुंबईचे कावळे गो, वडो बघून थांबतले काय?"

काकी खाली बसल्या आणि पान ठेवलं. जयंतीला त्यापुढचं बघायचं होतं. पण तिथे थांबायचा तिला हक्क नव्हता, आणि काकींनी तिला कुठे जायला सांगितलं ते स्पष्ट होतं. ती जिना उतरली.

चंद्रप्रकाशचं दार उघडंच होतं. तो खुर्चीत बसून डाव्या हाताने चहा पीत होता. उजवा गळ्यात बांधलेला. व्हॅनच्या फेऱ्या सध्या त्याचा मेहुणा कांजूरमार्गहून येऊन करत होता. श्वेता आत कपडे घडी करत होती.

"या ना जयंतीताई! बसा. श्वेता, ताईंना चहा टाक गं."

"चहा नको. दोघंही बसा. मला बोलायचंय."

"बाप रे, मेंटेनन्स वाढवला काय?" तो हसला आणि खांदा दुखला म्हणून थांबला. "बोला. आणि ते काकींना सांगा हो, माझं काही नाही म्हणावं. परवा खिडकीतनं बघत होत्या, मी हात केला तर पडदा ओढला. म्हातारं माणूस, उगाच जिवाला लावून घेतात. हात काय, बसेल महिन्याभरात."

श्वेता दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. तिच्या हातात त्याचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, एका बाजूने उसवून त्याला नाडी लावलेली.

जयंतीने बोलायला सुरुवात केली नाही. ती ऐकत होती. वर काहीच आवाज नव्हता. जांभळावर कुठेतरी एक कावळा ओरडला, मग दुसरा. मग पुन्हा शांतता, इतकी लांब की चंद्रप्रकाशने कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं.

आणि वरून छिन्नीवर हातोडी पडल्याचा पहिला ठोका ऐकू आला. मग दुसरा.

चंद्रप्रकाशने दचकून छताकडे मान वळवली. तुकडा पडल्यापासून त्याला ही सवय लागली होती. "आवाज कसला, ताई?"

"बिल्डिंगचं काम चालू आहे," जयंती म्हणाली.

हेच वाक्य तिने त्या दिवशी, ह्याच आवाजात म्हटलं होतं. ते आता खरं होतं, आणि त्याने काहीही बदललं नव्हतं.

"चालू झालं? बरं झालं," चंद्रप्रकाश म्हणाला. "बसा ना, उभ्या का?"

ती उभीच राहिली. "हेच मी त्या दिवशीही म्हणाले होते," ती म्हणाली. "तुम्ही खाली ओरडलात तेव्हा."

श्वेताने शर्ट खाली ठेवला.